बोलता येतं ना तुम्हाला, मग?

गाडी चारऐवजी एक नंबरला येतेय असं स्पीकरवर तीनदा सांगितलं होतं म्हणे. म्हणे, कारण मला ऐकू येत नाही आणि मी तिथंच होते, चार नंबरच्या बाकड्यावर, मांडीवर पर्स आणि हातात चहा. आजूबाजूची माणसं एकदम उठून जिन्याकडे पळायला लागली तेव्हा मला वाटलं दुसरी कुठली तरी गाडी आली असेल, आपलं काय, आपण निवांत. मग एक नंबरला गाडी आली, उभी राहिली, लोक चढले, गाडी निघाली, हे सगळं मी पलीकडून चहा पीत पीत बघत होते आणि मधल्या एका डब्यावरची पाटी वाचली तेव्हा कळलं की अरे ही तर माझीच. स्टेशनचं नाव सांगत नाही, एक मोठं जंक्शन आहे एवढंच. 2022 ची दिवाळी होती, पिशवीत आईने दिलेल्या चकल्या होत्या, त्या मी पुढची गाडी येईपर्यंत रडत रडत संपवल्या.

त्यानंतर दीडेक वर्ष मी नाशिकबाहेर एकटी गेलेच नाही. कुठं जायचं म्हटलं की घरातून एकच उत्तर, दादा येईल ना सोबत. दादाला सुट्टी नसेल तर वहिनी येईल. वहिनीला जमत नसेल तर मग "एवढं काय अर्जंट आहे का?" आणि खरं सांगायचं तर मलाही ते बरंच वाटायचं, सोबत कोणी असलं की आपण कान बंद करून बसायचं, ते सांगतील उठ की उठायचं, चल की चालायचं. चाळिशीला आलेली बाई, अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्स सांभाळते, पगारपत्रकं काढते आणि प्रवासात मात्र सहा वर्षांच्या पोरीसारखी दादाचं बोट धरून.

माझं ऐकणं 2016 पासून कमी होत गेलं. आधी कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकायला लागल्या, मग फोनवर "काय? काय?" वाढलं, मग एक दिवस ऑफिसात मागून कोणी हाक मारत होतं आणि मी ढिम्म. दोन्ही कानांच्या नसा कमजोर, कारण शेवटपर्यंत सापडलं नाही. आता उजव्या कानाला 76 डेसिबल आणि डाव्याला 90 (आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी), दोन्हीकडे कानामागची मशीन. पण बोलणं अगदी शाबूत, कारण तिशीपर्यंत सगळं नीट ऐकलेलं आहे ना, भाषा, हेल, शिव्या, सगळं आत बसलेलंच आहे. आणि माझा खरा घोळ इथंच आहे. मी तोंड उघडलं की समोरच्याचा विश्वासच उडतो. बहिरी म्हणजे मुकी पण पाहिजे असं लोकांच्या डोक्यात पक्कं आहे, मूकबधिर हा शब्दच बघा ना, जोडूनच टाकलाय.

मशीनबद्दल पण एक गैरसमज आहे, चष्म्यासारखं असतं असं वाटतं लोकांना, लावलं की झालं. तसं नाही हो. मशीन आवाज मोठा करते, स्पष्ट करेलच असं नाही, आणि मोठा करते म्हणजे सगळेच करते, शेजारचा खोकला पण आणि इंजिन पण. समोर हातभर अंतरावर बसलेल्या माणसाशी शांत खोलीत माझं छान जमतं. स्टेशनवर मात्र स्पीकर कुठंतरी पन्नास फूट लांब, वर पत्र्याचं छप्पर, आवाज घुमतो, त्यात माझे स, श, च, क असले बारीक आवाज आधीच गेलेले, त्यामुळे "यात्रीगण कृपया ध्यान दीजिए" हे मला फक्त पाठ आहे म्हणून कळतं, त्याच्यापुढचं सगळं आआ ओओ आआ. मग उरतात ओठ. आणि ओठांचं सांगते, आरशासमोर उभं राहून आवाज न काढता पापा, बाबा, मामा म्हणून बघा. तिन्ही एकच दिसतात. सात आणि साठ तर विचारूच नका, भाजीवाल्याशी रोज भांडण होतं माझं. 2020 मध्ये मास्क आले तेव्हा मला कळलं की आपण किती ऐकत होतो आणि किती नुसतं बघत होतो.

तर परत एकटं जायचं ठरवलं ते कागदापासून सुरू केलं. दिव्यांग कार्ड, म्हणजे ते यूडीआयडी, काढलंच नव्हतं, कारण आईला ते आवडत नव्हतं, "शिक्का कशाला लावून घेते?" ऑनलाइन फॉर्म भरला, आधार, फोटो, सगळं, मग तपासणीची तारीख आली. दवाखान्याचं नाव नको. कान तपासायला आलेल्या लोकांची रांग, पन्नासेक माणसं, आणि आतून एक जण दार किलकिलं करून नावं पुकारतोय. बहिऱ्यांच्या रांगेत! दादा चहा आणायला गेला तेवढ्यात माझं नाव दोनदा होऊन गेलं. परत आत जाऊन सांगितलं तर तो म्हणाला (हे दादाने नंतर सांगितलं) की ऐकू येत नव्हतं का. हो साहेब, त्यासाठीच आलेय.

तिथं आधी हेडफोन लावून आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, ती ऑडिओमेट्री. मग बेरा नावाची टेस्ट, डोक्याला वायरी चिकटवून नुसतं पडून राहायचं, कानात टकटक सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचतं ते मशीन बघते, कारण बटण न दाबता कोणीही बहिरं होऊ शकतं. टक्के काढताना चांगल्या कानाला पाचपट वजन देतात आणि वाईट कानाला एक, मग सहाने भागतात. अकाउंट्सवाली असल्याने मला हे फारच आवडलं, घरी येऊन मी एक्सेलमध्ये करून बघितलं. 71 टक्के. 2016 चा कायदा 60 ते 70 डेसिबलला ऐकू कमी येणारी म्हणतो आणि 70 च्या वर बहिरी, म्हणजे कायद्याने मी सरळसरळ बहिरी. चार महिन्यांनी कार्ड आलं, पिवळ्या पट्टीचं. 80 टक्क्यांच्या पुढे असतं तर निळी पट्टी मिळाली असती. आईने कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली फोटो चांगला आलाय.

कार्ड घेऊन रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर गेले, सवलत मागायला. खिडकीतला माणूस खरंच सभ्य होता, मुद्दाम सांगते. मी म्हटलं मला ऐकू येत नाही, जरा लिहून सांगाल का, तर त्याने सवलतींची यादीच काढून एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ अशी आहे की ऐकणं आणि बोलणं दोन्ही पूर्ण गेलेलं, आणि तेही एकाच माणसात, असं असेल तरच सेकंड, स्लीपर आणि फर्स्ट क्लासला 50 टक्के सवलत, सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. मी दोनदा वाचलं. एकाच माणसात! म्हणजे मी आणि एखादी मुकी मैत्रीण मिळून गेलो तर चालणार नाही, असा विचार कोणीतरी आधीच करून ठेवलाय. मी म्हटलं, पण मी तर बहिरी आहे, 71 टक्के. त्याने पेनाने माझ्या तोंडाकडे खूण केली आणि कागदावर लिहिलं, "मॅडम, तुम्ही बोलताय." काय बोलणार यावर? काहीही बोलले असते तरी त्याचाच मुद्दा सिद्ध झाला असता. म्हणजे अडीअडचणीला मदत मागायला तोंड उघडलं की गेली सवलत. बरं, ऐकू न येण्याची अडचण तिकिटाच्या पैशाने सुटते असंही नाही, पण तत्त्व आहे की नाही काही.

एसटीचं त्यापेक्षा सरळ आहे. दिव्यांग कार्ड दाखवलं की साध्या गाडीला 75 टक्के सूट, मुकं आहे का विचारत नाहीत. फक्त गंमत अशी की 17 मार्च 2023 पासून बायकांना हाफ तिकीट झालंय, त्यामुळे मी सिन्नरला मावशीकडे जाताना कार्ड काढेपर्यंत कंडक्टरने बाई बघून हाफ तिकीट फाडलेलं असतं, मग ते बदला, तो वैतागणार, मागचे लोक बघणार, म्हणून बरेचदा मी गपचूप बाई म्हणूनच जाते.

तर प्रवास. जुलै 2024, बांद्र्याला अली यावर जंग संस्थेत जायचं होतं. ऐकण्या-बोलण्यासंबंधी केंद्र सरकारची ही मोठी संस्था आहे, 1983 पासूनची, रेक्लमेशनजवळ. माझे मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेले मशीनचे तुकडे, सैल झाले होते आणि मशीन शिट्टी मारायला लागली होती, दुसरीकडेही झालं असतं पण मला परत सगळं तपासून पण घ्यायचं होतं. दादाला म्हटलं तू यायचं नाहीस. तो म्हणाला पंचवटी एक्स्प्रेसनेच जा मग, सकाळी जाऊन रात्री परत. त्याचं बरोबर होतं, ओळखीची गाडी पाहिजे, रोजचे अपडाऊनवाले असतात, काही झालं तर माणसं आहेत.

आदल्या रात्री तयारी केली ती लिहून ठेवते, कोणाला उपयोग होईल. मशीनच्या बॅटऱ्या, 675 नंबर, निळा स्टिकर, पूर्ण एक पाकीट, आणि त्या स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवेत ठेवून मग घालायच्या, घाईत लगेच घातल्या तर लवकर उतरतात, हे मला पाच वर्षांनी कोणीतरी सांगितलं. पावसाळा म्हणून डबीत सिलिका जेलची पुडी, घामाने आणि दमटपणाने मशीन बसते. फोनमध्ये लाइव्ह ट्रान्सक्राइब, समोरचा बोलेल ते मराठीत टाइप करून दाखवतं. गाडी कुठं पोचली ते दाखवणारं ॲप, त्यात ठरलेल्या स्टेशनच्या आधी अलार्म लावता येतो आणि तो मी व्हायब्रेटवर ठेवून घड्याळाला जोडला. रेल मदद ॲप, कारण 139 ला फोन करा असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि फोन करून मी करू काय. आणि एक कागद, मोठ्या अक्षरात, "मला ऐकू येत नाही. काही सांगायचं असल्यास खांद्याला हात लावा आणि समोर येऊन बोला." रात्रीच्या गाडीला हाच कागद मी चादरीला सेफ्टी पिनने लावते, झोपताना मशीन काढावी लागते ना, मग टीसी आला काय आणि भूकंप झाला काय. पहिल्यांदा लावला तेव्हा लाज वाटली होती, पार्सल असल्यासारखं वाटलं, आता काही नाही.

सकाळी सहाला इंदिरानगरहून रिक्षा. रिक्षावाल्याच्या तोंडात मावा. मावा खाणारा माणूस हा ओठ वाचणाऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू, मिशा एक वेळ परवडल्या. तो काहीतरी आकडा बोलला, शंभर पण असू शकतं दीडशे पण असू शकतं, मी फोनवर कॅल्क्युलेटर उघडून पुढे केला, त्याने 120 टाकले. भांडण नाही काही नाही. द्वारका चौकात नेहमीची गर्दी नव्हती, नाशिकरोडच्या बिटको चौकापर्यंत पंधरा मिनिटांत.

नाशिकरोडला पोचले आणि पोटात गोळा. तसंच बाकडं, तसाच स्पीकर, तेच सगळं डोळ्यासमोर यायला लागलं. माझी एक युक्ती आहे, फलाटावर गेलं की एक माणूस हेरायचा, आपल्याच गाडीचा, आपल्याच डब्याचा, आणि त्याला सोडायचं नाही. तो उठला की उठायचं. इतकी वर्षं मी हे चोरून करायचे, एकदा एका काकांच्या मागे मागे जाऊन पुरुषांच्या मुतारीपर्यंत पोचले होते. यावेळी ठरवलं होतं की चोरून नाही, सांगून. शेजारी एक काकू होत्या, नऊवारी, हातात दोन वायरच्या पिशव्या. मी त्यांना म्हटलं, काकू, पंचवटीला ना? मला ऐकू येत नाही, गाडीचं काही सांगितलं तर मला हात लावून सांगाल का?

एवढंच वाक्य. पण ते अनोळखी माणसाला पहिल्यांदा म्हणताना माझे तळहात ओले झाले होते.

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि पहिलं काय म्हणाल्या असतील? ओठ स्पष्ट दिसले, "चांगलं बोलतेस की गं!" मग मी केस बाजूला करून मशीन दाखवली. मग त्या ओरडून बोलायला लागल्या. ओरडल्यावर तोंड वाकडं होतं आणि ओठ वाचायला अजून अवघड जातं, पण हे समजावत बसले नाही, त्यांच्या मनात चांगलं होतं, अख्खा फलाट मात्र आमच्याकडे बघत होता. गाडी आली तेव्हा काकूंनी माझं मनगट जे धरलं ते डब्यात सीटवर बसेपर्यंत सोडलं नाही. सीट नंबर पण त्यांनीच शोधला. मला डोळे आहेत काकू, असं म्हणावंसं वाटलं, नाही म्हटलं.

त्या कल्याणला लेकीकडे चालल्या होत्या. शेजारच्या बाईशी सीट बदलून माझ्यापाशीच बसल्या. मी फोन काढून मध्ये ठेवला आणि म्हटलं आता बोला, इथं उमटेल. त्यांना ते फारच भारी वाटलं, देवळाली येईपर्यंत त्या नुसत्या फोनला "नमस्कार, नमस्कार" म्हणून बघत होत्या. मग गप्पा सुरू झाल्या, जावई, गुडघे, कांद्याचा भाव, सगळं स्क्रीनवर भराभर येत होतं, थोडं चुकीचं थोडं बरोबर. इगतपुरीला गाडी उभी होती तेव्हा काकू बोलल्या आणि फोनवर आलं, "कचरा केला का?" मी खाली बघितलं, शेंगांची टरफलं पडली होती थोडी, मी खाल्लेलीच. म्हटलं सॉरी काकू, आणि वाकून सगळी गोळा केली, पिशवीत भरली, समोरच्या माणसाच्या पायाशी होती ती पण उचलली. वर बघते तर काकू हसून हसून लाल. त्या विचारत होत्या, "कसारा गेलं का?" समोरच्या माणसाने बिचाऱ्याने उगीच पाय वर करून ठेवले होते.

घाट लागला की नेट जातं, म्हणजे फोन गेला. बोगद्यात शिरलो की ओठ पण दिसेनात. आणि मशीनला बोगद्याचा आवाज म्हणजे डोक्यात कोणी पत्रा घासतंय. मी दोन्ही बंद केल्या. आता एक सांगते जे ऐकणाऱ्यांना नाही मिळत, मागच्या सीटवर एक पोरगा मोठ्याने रील बघत होता, एक तान्हं बाळ रडत होतं, अपडाऊनवाल्यांची कसली तरी जोरदार चर्चा चालली होती, काकूंनी कपाळाला हात लावून मला खुणेने सांगितलं हे सगळं, आणि मी मात्र खिडकीतून थळ घाटाचे धबधबे बघत बसले होते, सगळं हिरवं, सगळं शांत. गाडी उताराला लागली की कानात दडा बसतो, बहिऱ्या कानालाही बसतो बरं का. बोगदे संपले, दडा सुटला, की समजायचं कसारा.

कल्याणला काकू उतरल्या. उतरताना त्यांनी आमच्या समोरच्या पाय वर करणाऱ्या माणसाला काहीतरी बजावलं, माझ्याकडे बोट दाखवून. तो दादरपर्यंत माझ्याकडे राखणदारासारखा बघत होता आणि ठाणे गेलं की लगेच त्याने खांद्याला हात लावून खुणेने सांगितलं, चला, दाराशी. माझं घड्याळ त्याच्यानंतर दोन मिनिटांनी थरथरलं.

दादरचं मला फार टेन्शन होतं पण तिथं एक बरं झालंय. पूर्वी सेंट्रलचा पण एक नंबर आणि वेस्टर्नचा पण एक नंबर, विचारून विचारून जायचं. डिसेंबर 2023 पासून सलग नंबर केलेत, 1 ते 7 वेस्टर्न आणि 8 ते 14 सेंट्रल. वाचून चालणाऱ्या माणसाला असं काही केलं की किती सोपं होतं ते मला त्या पुलावर कळलं, पाटी बघ, चाल, पाटी बघ, चाल. कोणाला विचारलं नाही. बायकांच्या डब्यात चढले, आत पट्टीवर पुढचं स्टेशन मराठीत येत होतं. दार कुठल्या बाजूला हे त्यात समजत नाही, पण बायका कुठल्या बाजूला सरकतात ते बघायचं, मुंबईच्या बायका चुकत नाहीत.

जाता जाता विमानाचं पण सांगते, मागे चुलत बहिणीच्या लग्नाला दिल्लीला गेलो होतो तेव्हाचं. लोकांना वाटतं विमानतळ फार अवघड, मला तर स्टेशनपेक्षा सोपा वाटला. मुंबईचं विमानतळ सायलेंट आहे, म्हणजे बोर्डिंगच्या घोषणा होतच नाहीत, ज्याने त्याने बोर्ड बघायचा. ज्यांना आयुष्यभर ऐकून चालायची सवय ते सगळे घाबरून दर दोन मिनिटांनी मान वर करून बघत होते, गेट बदललं का, गेट बदललं का. मी निवांत इडली खात होते. मी तर रोजच असं जगते.

संस्थेतलं काम लवकर झालं. कानात गार गार लगदा भरतात, तो घट्ट होईपर्यंत पाच मिनिटं बसायचं, तोंड हलवायचं नाही. नवीन तपासणीत उजवा कान 76 वरच आहे, अजून बिघडला नाही, ते ऐकून, म्हणजे वाचून, मला एकदम हलकं वाटलं.

परत बांद्रा स्टेशनला साडेचारच्या सुमारास. फलाटावर उभी होते आणि समोरच्या फलाटावर तीन पोरं दिसली, कॉलेजची असतील, हातवारे करत होती. आधी लक्ष गेलं नाही, मग बघितलं तर त्यांच्यासमोर, म्हणजे माझ्याच बाजूला, दहा पावलांवर दोन मुली, त्या पण हातवारे करत होत्या. रुळ ओलांडून गप्पा चालल्या होत्या! मध्ये दोन लाइनी, लोकांचा गोंधळ, एक फास्ट धडधडत गेली, आणि ती गेल्या गेल्या वाक्य जिथं तुटलं होतं तिथून पुढे. माझ्या शेजारी एक माणूस फोनवर "हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये" करून वैतागला होता, हातभर अंतरावर असून मला पण नीट ऐकू येत नव्हतं, आणि ही पोरं तीस-चाळीस फुटांवरून एकमेकांची टिंगल करत होती. टिंगलच होती, ते काही शिकावं लागत नाही.

मला खुणांची भाषा येत नाही. मोठेपणी बहिरे झालेल्या आम्हा बऱ्याच जणांना येत नाही, आम्ही मधलेच, बोलणाऱ्यांत अर्धे आणि त्यांच्यात शून्य. दिल्लीच्या सांकेतिक भाषा केंद्राचे शब्दकोशाचे व्हिडिओ बघून पाच-पंचवीस खुणा शिकले होते, त्या पण आरशासमोर. त्यातल्या एका मुलीने मी बघतेय हे पाहिलं. तिची नजर माझ्या कानावर गेली, दमट हवेने केस वर बांधले होते ना. तिने स्वतःच्या कानाला बोट लावलं, मग माझ्याकडे, भुवया वर. मी मान हलवली, हो. मग तिने भराभर काहीतरी विचारलं, मला काही कळलं नाही, आणि मी सवयीने तोंडाने म्हटलं, "मला नाही येत." ती माझे ओठ बघत होती. मग तिने मैत्रिणीकडे वळून माझ्याबद्दल काहीतरी सांगितलं, बोटांनी ओठ बडबडतात तसं करून दाखवलं, आणि दोघी हसल्या. त्यांना पण तेच! ही बोलते! मला इतकं हसू आलं, म्हटलं रेल्वेने पण हेच सांगितलं गं मला. मग तिने सावकाश, लहान मुलाला शिकवतात तसं, एक खूण केली, मला दोनदा करायला लावली, चूक झाली तर माझा अंगठा धरून सरळ केला. लोकल आली, त्या चढल्या. ती खूण कशाची होती ते मला रात्री व्हिडिओ शोधून पण सापडलं नाही. अजून शोधतेय.

परतीच्या पंचवटीला दादरला चढले, डबा भरलेला, अपडाऊनवाले निम्मे झोपलेले. मी शेजारच्या मुलीला आपणहून सांगून टाकलं, मला ऐकू येत नाही, काही असलं तर हात लाव. सकाळी तळहात ओले झाले होते, आता जांभई देत सांगितलं. तिने नुसती मान हलवली आणि परत फोनमध्ये. चांगलं बोलता की, वगैरे काही नाही, असंही चालतं मला, खरं तर असंच चालतं. कसाऱ्याला मागून चढाची इंजिनं लागली तेव्हाचा धक्का पाठीला बसला, बाहेर काळोख, पाऊस, म्हटलं आता नाशिक.

दहाच्या आसपास नाशिकरोडला उतरले. बाहेर आले तर दादाची गाडी कुठं दिसेना. पार्किंगला बघितलं, रिक्षा स्टँडला बघितलं, फोनवर मेसेज केला, कुठं आहेस, उत्तर नाही. पाऊस भुरभुरत होता, मी शेडखाली उभी राहिले, चांगली दहा मिनिटं. मग मागून कोणीतरी खांद्याला हात लावला. दादा. भिजलेला, चिडलेला, हातात किल्ली. समोर आला, ओठ नीट दिसतील असा दिव्याखाली उभा राहिला आणि म्हणाला,

"अगं केव्हाचा हॉर्न वाजवतोय मी!"